वडिलांच्या मागे सावत्र आई आणि पहिल्या घरची मुले: वारसाहक्काचा वाद कसा हाताळावा

वडिलांचे दिवसकार्य आटोपले की घरातले कोणीतरी वारस नोंदीचा अर्ज भरायला बसते. त्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात मृताच्या सर्व वारसांची नावे, वये, पत्ते आणि मृताशी असलेले नाते लिहायचे असते, आणि ज्या घरात वडिलांची दोन लग्ने झालेली आहेत तेथे भांडणाची सुरुवात बहुधा याच कागदावर होते. दुसऱ्या पत्नीच्या बाजूचे लोक पहिल्या घरच्या विवाहित मुलीचे नाव गाळतात, किंवा पहिल्या घरची मुले सावत्र आईला बाजूला ठेवून फक्त आपली नावे देतात. विचारले तर दोन्हीकडचे उत्तर एकच असते, की ‘तिचा इथे काय संबंध?’ दिवाणी न्यायालयात वाटपाचे दावे चालवताना असे बरेच कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यातील पुष्कळ दावे मुळात उभेच राहिले नसते, जर पहिल्या महिन्यातच कोणी दोन्ही बाजूंना समोर बसवून एक गोष्ट नीट सांगितली असती.

ती गोष्ट अशी: सावत्र मुलांचा हक्क वडिलांकडून येतो, सावत्र आईकडून येत नाही, आणि सावत्र आईचा हक्क मृताची पत्नी म्हणून असतो, मुलांची आई म्हणून नसतो. हे वाक्य पक्के ध्यानात ठेवले तर पुढचे हिशेब अवघड नाहीत. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः हिंदू वारसा अधिनियम, १९५६ ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी, म्हणजे हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठीही आहे. इतरांविषयी शेवटी थोडक्यात सांगते.

वारस कोण, हे आधी ठरवा

पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची विधवा, त्याचे सर्व मुलगे, सर्व मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांना प्रत्येकी एक समान हिस्सा मिळतो. आधीच वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या शाखेला मिळून त्याचा किंवा तिचा एक हिस्सा जातो. मूल पहिल्या पत्नीचे की दुसऱ्या पत्नीचे, मुलगी विवाहित की अविवाहित, दुसरे लग्न सहा महिन्यांपूर्वीचे की तीस वर्षांपूर्वीचे, यातील कशानेही हिश्शात फरक पडत नाही. विधवेने पुढे पुनर्विवाह केला तरी एकदा मिळालेला हिस्सा तिच्याकडून काढून घेता येत नाही.

या यादीतील आजीचा विसर जवळजवळ प्रत्येक घरात पडतो. मुलाच्या आधी आई जाईल असे सगळे गृहीत धरून असतात. पण ऐंशी वर्षांची आजी हयात असेल तर तिचाही एक पूर्ण हिस्सा निघतो. पुढे ती मृत्युपत्र न करता वारली की तिचा हिस्सा तिच्या मुलामुलींना आणि वारलेल्या मुलाच्या अपत्यांना जातो. त्यात दोन्ही घरची नातवंडे सारखी धरली जातात, सुनेला मात्र त्यातून काही मिळत नाही.

विधवा म्हणून हक्क मिळण्यासाठी लग्न कायदेशीर असावे लागते. पहिली पत्नी वारल्यानंतर किंवा न्यायालयातून घटस्फोट झाल्यानंतर झालेले लग्न असेल तर प्रश्न नाही. पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न होता दुसरे लग्न झाले असेल, तर ते हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार निरर्थक ठरते आणि दुसरी स्त्री विधवा म्हणून वारस होत नाही. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेली ‘फारकत’ हा घटस्फोट नव्हे. ज्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी आहे तेथे ती कायदा मानतो. पण ती रूढी न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते, नुसते सांगून चालत नाही. अशा निरर्थक लग्नातून झालेली मुले मात्र वडिलांची औरस मुले मानली जातात. वडिलांच्या मालमत्तेत त्यांचा हक्क असतोच, आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते त्यातही ती हक्कदार आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्धप्पा प्रकरणात स्पष्ट केले आहे.

याच्या उलट बाजूचाही गैरसमज असतो. दुसऱ्या पत्नीने आपल्या आधीच्या लग्नाचे मूल बरोबर आणले, ते नव्या घरात वाढले, शाळेच्या दाखल्यावर त्याला सावत्र वडिलांचे नाव लागले, तरी विधिवत दत्तक घेतल्याशिवाय ते सावत्र वडिलांचे वारस होत नाही. ज्या माणसाने अशा मुलाला पोटच्यासारखे वाढवले आहे त्याने त्याच्यासाठी मृत्युपत्र लिहून ठेवलेच पाहिजे. कारण वीस वर्षांच्या मायेचा विचार वारसा अधिनियम करत नाही.

लग्न सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून कागद आधीच जमवा. माझ्याकडे एक बाई कापडी पिशवीत गॅसचे पुस्तक, रेशनकार्ड, घडीवर विरलेली लग्नपत्रिका आणि एक फोटो घेऊन आल्या होत्या. विवाहाची नोंदणी झालेली नव्हती आणि सावत्र मुले लग्नच नाकारत होती. फोटोत वडिलांच्या मागे उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा म्हणजे दाव्यातला प्रतिवादी होता. हे सगळे पुरावे चालतात, सेवापुस्तकातील पत्नीची नोंदही चालते. पण विवाह नोंदणीचा एक दाखला असता तर त्या बाईंची साक्ष पुष्कळ कमी लांबली असती. त्याचप्रमाणे पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखलाही शोधून ठेवा. गावाकडे जुन्या मृत्यूंची नोंद राहून गेलेली असते, आणि वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

मालमत्ता खरोखर कोणाची होती?

‘वडिलांचा फ्लॅट’ असे सगळे म्हणतात, पण करारनामा उघडून पाहिला तर त्यावर पुष्कळदा पहिल्या पत्नीचेही नाव असते. येथे घाई करू नये. एक उदाहरण घेऊ. फ्लॅट वडील आणि पहिली पत्नी यांनी मिळून, निम्मे-निम्मे पैसे घालून घेतला होता. तिला एक मुलगा आणि एक मुलगी. ती मृत्युपत्राशिवाय वारली, त्या दिवशीच तिचा निम्मा हिस्सा पती, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा विभागला गेला, म्हणजे प्रत्येकी १/६. वडिलांचे झाले १/२ आणि १/६ मिळून २/३. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले, त्यातून एक मुलगा झाला, आणि वडील वारले. आजी हयात नाही. आता वाटणी २/३ चीच होणार: विधवा, पहिल्या घरची दोन मुले आणि दुसऱ्या घरचा मुलगा, प्रत्येकी १/६. हिशेब जुळवला तर पहिल्या घरच्या मुलांना प्रत्येकी १/३ आणि सावत्र आई व तिचा मुलगा यांना प्रत्येकी १/६ मिळते. ‘चौघांना चार समान हिस्से’ हे जे तोंडी ठरवले जाते, त्यात पहिल्या घरच्या मुलांचा आपल्या आईकडून आलेला हक्क नकळत बुडतो.

पहिल्या पत्नीच्या दागिन्यांनाही हाच नियम लागू आहे. ते तिचे स्त्रीधन होते. तिच्या मृत्यूबरोबर ते पती आणि मुले यांच्याकडे गेले. दुसऱ्या पत्नीला त्यात जे काही मिळायचे ते पतीच्या हिश्शापुरतेच. लॉकर उघडताना दोन्ही बाजूंचे लोक हजर ठेवून प्रत्येक वस्तूचे वर्णन, वजन आणि छायाचित्र घ्या, आणि यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. ‘ही पाटली माझ्या आईची’ आणि ‘ही मला लग्नात घातलेली’ हा वाद सोन्याच्या भावापेक्षा फार खोल जातो, आणि जुने लग्नाचे फोटो तो बऱ्याचदा मिटवतात.

दुसरा प्रश्न असतो वडिलोपार्जित मालमत्तेचा. हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. वडिलांना १९५६ नंतर त्यांच्या वडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता ही त्यांची स्वतंत्र मालमत्ता मानली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या चंदर सेन प्रकरणापासून धरले आहे. म्हणून आजोबांकडून आलेली प्रत्येक जमीन एकत्र कुटुंबाची असतेच असे नाही. जुने फेरफार काढून, जमीन कोणत्या साली कोणाच्या नावावर कोणत्या कारणाने आली, हे पाहूनच ते ठरते.

मालमत्ता खरोखर एकत्र कुटुंबाची असेल तर मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असती तर वडिलांना किती मिळाले असते, हे आधी काढावे लागते. आपल्याकडे अशा वाटणीत वडील आणि मुले यांच्याबरोबर वडिलांच्या पत्नीलाही एक हिस्सा मिळतो. सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेल्या आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या गुरुपाद मगदूम प्रकरणात हा हिशेब उलगडून दाखवला आहे. पती १९६० मध्ये वारले. मागे विधवा, दोन मुलगे, तीन मुली. काल्पनिक वाटणीत वडील, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४, आणि वडिलांचा १/४ सहा वारसांत विभागून प्रत्येकी १/२४. विधवेचे झाले ७/२४. त्या वेळी मुली सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतःच हक्क असलेल्या, नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून त्या आहेत, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ठरले आहे. हेच कुटुंब आज असते तर सहाही जणांना प्रत्येकी १/६ मिळाले असते. सावत्र आईने हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण ‘वडिलोपार्जित जमिनीत दुसरीचा काय हक्क’ असे तिला हमखास सांगितले जाते. हक्क दोन ठिकाणांहून येतो: एक वाटणीतला पत्नीचा हिस्सा आणि दुसरा विधवा म्हणून पतीच्या हिश्शातला वाटा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेच्या खात्यावर, शेअरवर, सोसायटीच्या कागदावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे त्याला सगळे मिळते, या समजुतीने फार नुकसान केले आहे. नॉमिनी हा रक्कम किंवा मालमत्ता ताब्यात घेऊन खऱ्या वारसांसाठी सांभाळणारा असतो. १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितले. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतले जाते, आणि ते खरे वारस ठरेपर्यंतच. विम्याचे मात्र थोडे वेगळे आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी नॉमिनी म्हटले जाते, म्हणून विम्याच्या रकमेला जुना नियम डोळे मिटून लावू नये. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ताच नव्हे. ते सेवानियमांप्रमाणे जाते आणि मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. केंद्र सरकारच्या नियमांत, पहिली पत्नी हयात नसेल आणि तिचे पात्र मूल असेल, तर तिला मिळाला असता तो वाटा त्या मुलाला मिळण्याची तरतूद आहे. पहिल्या घरची मुले लहान असतील तर त्यांच्या आजी-आजोबांनी किंवा मामाने हे कार्यालयात जरूर विचारावे.

पहिल्या तीन महिन्यांत करायची कामे

शेतजमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो; ई-हक्क प्रणालीवरून तो ऑनलाइनही देता येतो. अर्जात सर्व वारसांची नावे द्या. नाव लपवणाऱ्याचा फायदा होत नाही. खोट्या प्रतिज्ञापत्रामुळे पुढच्या दाव्यात त्याच्या शब्दाला वजन राहत नाही, एवढेच होते. फेरफार मंजूर होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. ज्याचे नाव गळले असेल त्याने याच मुदतीत लेखी हरकत द्यावी, तिची पोच घ्यावी आणि सोबत जन्मदाखला किंवा विवाहाचा पुरावा जोडावा. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निर्णय विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात असू द्या: फेरफार आणि सातबारा हे महसुलाचे कागद आहेत, त्यांनी मालकी ठरत नाही. सातबारावर नाव लागले नाही म्हणून हक्क जात नाही, आणि लागले म्हणून जास्तीचा हक्क येत नाही.

बँकेतील ठेवी, रोखे आणि शेअर यांसाठी नॉमिनी नसेल किंवा वाद असेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. स्थावरासाठी आणि सर्वसाधारण वारस म्हणून दाखला हवा असेल तर आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयात अर्ज केला जातो. या दोन्ही अर्जांत दुसऱ्या बाजूला पक्षकार करा. गुपचूप मिळवलेला दाखला पुढे रद्द होऊ शकतो.

अज्ञान मुलांच्या बाबतीत विशेष काळजी घ्या. पहिल्या घरची मुले अठरा वर्षांखालील असतील आणि ती सावत्र आईजवळ राहत असतील, तरी ती त्यांची नैसर्गिक पालक नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये आई या शब्दात सावत्र आई येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून तिने त्यांच्या वतीने केलेले हक्कसोडपत्र किंवा खरेदीखत टिकत नाही. अगदी प्रामाणिकपणे, मुलांच्या शिक्षणासाठी जमीन विकायची असेल तरी आधी न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. मन साफ असलेल्या सावत्र आईला हा आपल्यावरचा अविश्वास वाटतो, पण हीच परवानगी पुढे तिला मुलांच्या आरोपांपासून वाचवते.

बोलणी कशी करावीत

दावा लावण्यापूर्वी एकदा तरी बसून बोला, आणि बोलताना मालमत्तेच्या आधी राहण्याचा प्रश्न घ्या. साठीच्या विधवेला १/६ हिश्शाची किंमत किती यापेक्षा ‘मी उद्या कुठे राहू’ ही चिंता मोठी असते. आणि मुलांना बहुतेक वेळा भीती असते ती घर तिच्या भावाच्या किंवा तिच्या मुलाच्या घशात जाण्याची. दोन्ही भीतींना एका तडजोडीत उत्तर देता येते: तिने हयातभर राहावे, विकू नये, तिच्यामागे घर मुलांना जावे, आणि त्याच्या बदल्यात ठेवींतील मोठा वाटा तिला मिळावा. असा कौटुंबिक समझोता तोंडीही होऊ शकतो आणि आधीच झालेल्या समझोत्याची आठवण म्हणून केलेल्या टिपणाला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या काळे प्रकरणात सांगितले आहे. पण ज्या कागदानेच हक्क दिला किंवा सोडला जातो, तो वाटणीपत्र असो की हक्कसोडपत्र, त्याची नोंदणी आवश्यक आहे. माझा आग्रह असा, की सावत्र नात्यात तोंडी समझोत्यावर विसंबूच नये. हक्कसोडपत्रावरील मुद्रांक शुल्काच्या सवलतीत कोणती नाती येतात हे कायद्यात मोजून दिलेले आहे. सावत्र नाते त्यात धरले जाईल का, हे दस्त लिहिण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

आणि हक्कसोडपत्रावर तेराव्याच्या आत सही करू नका. शोकात असलेल्या विधवेला ‘फक्त नाव लावण्यासाठी’ म्हणून निबंधकांच्या कार्यालयात नेलेले मी पाहिले आहे. तिने अंगठा लावला तो हिस्सा सोडल्याच्या कागदावर होता. असा दस्त रद्द करून घेण्यासाठी तिला फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि ते सोपे नाही.

बोलणी फिसकटली तर

वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात लावावा लागतो. त्यात सर्व वारस आणि सर्व मालमत्ता आल्या पाहिजेत. एखादी बहीण किंवा जमिनीचा एखादा गट राहिला तर दावा त्याच कारणाने अडतो. दाव्याबरोबर विक्री आणि बोजा यांविरुद्ध तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्या. मुंबईतील मालमत्ता असेल तर दावा प्रलंबित असल्याची नोटीसही नोंदवून घ्या, म्हणजे खरेदीदाराला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्री पक्षकारांना काही वादांत न्यायालयीन शुल्क माफ केले आहे; ती आपल्या दाव्याला लागू होते का, हे सावत्र आईने आणि पहिल्या घरच्या मुलीनेही वकिलाला विचारून घ्यावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. दावा चालू असतानाही मध्यस्थी केंद्रात जाण्याची दारे उघडी असतात, आणि लोकअदालतीत झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते.

एखादा वारस आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकायला निघाला, तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा अग्रहक्क आहे. राहत्या घराचा हिस्सा विकत घेणारा परका माणूस थेट घरात येऊन राहू शकत नाही. त्याला वाटपाचाच दावा करावा लागतो. सावत्र आईला घराबाहेर काढण्याची धमकी दिली जात असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण अधिनियम, २००५ खाली सामायिक घरात राहण्याचा तिचा हक्क दंडाधिकाऱ्यांकडून सुरक्षित करून घेता येतो. तिला स्वतःचे मूल नसेल तर सावत्र मुलांवर तिच्या पोटगीची जबाबदारी आहे, असे हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही आईवडील या शब्दात सावत्र आई व सावत्र वडील येतात, आणि तेथे अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.

सावत्र आईच्या मागे काय होते?

बहुतेक कुटुंबे या प्रश्नापाशी फसतात, म्हणून तो सविस्तर पाहू. विधवेला पतीकडून वारसाने मिळालेला हिस्सा ही तिची पूर्ण मालकीची मालमत्ता आहे. ती तो विकू शकते, मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. तिने मृत्युपत्र केले नाही आणि तिला स्वतःचे मूल असेल, तर तो सगळा हिस्सा तिच्या मुलाला जातो. सावत्र मुलांना त्यातून काहीही मिळत नाही, कारण तिच्या बाबतीत ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही. १९८७ मध्ये लछमन सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले. तिला मूल नसेल तर पतीकडून आलेली मालमत्ता पतीच्या वारसांकडे, म्हणजे सावत्र मुलांकडे परत येते. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेले घरही, अपत्य नसल्यास, तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांना जाते. तिच्या माहेरच्यांना याचा मोठा धक्का बसतो. आईवडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता मात्र अपत्य नसल्यास माहेरी परत जाते.

म्हणजे ‘आत्ता सगळे आईच्या नावावर करू, तिच्यानंतर सगळ्यांना सारखे वाटू’ हा जो प्रेमळ तोडगा पहिल्या घरची मुले मान्य करतात, तो तिला स्वतःचे मूल असेल तर त्यांचा हक्क कायमचा संपवतो. तिची तशी इच्छा नसली तरी संपवतो. हा तोडगा स्वीकारायचाच असेल तर सर्वांची नावे लावून घ्या आणि तिला राहण्याचा हक्क लिहून द्या.

अपघातात पती-पत्नी एकत्र वारले आणि आधी कोण गेले हे कळत नसेल, तर जो वयाने लहान तो नंतर वारला असे कायदा गृहीत धरतो. दुसरी पत्नी बहुधा वयाने लहान असते. म्हणून पतीचा एक हिस्सा क्षणभर तिच्याकडे येऊन मग तिच्या वारसांकडे जातो.

स्त्रीने दुसरे लग्न केले असेल तर हेच चित्र उलट दिसते. पहिल्या पतीकडून मिळालेले घर तिच्या नावावर असताना ती मृत्युपत्राशिवाय वारली, तर पहिल्या पतीपासून झालेल्या मुलांबरोबर दुसरा पतीही समान वारस होतो. ज्या घरात मुलांचे वडील राहिले त्या घरात सावत्र वडिलांचा हिस्सा निघतो, हे मुलांना असह्य होते. अशा प्रत्येक स्त्रीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच मृत्युपत्र करावे, असे मी सांगत असते.

इतर कायदे थोडक्यात

मुस्लिम कुटुंबात पतीला मूल असेल, मग ते कोणत्याही पत्नीचे असो, तर विधवेला १/८ मिळते, मूल नसेल तर १/४. न दिलेला मेहर, म्हणजे लग्नात पतीने पत्नीला कबूल केलेली रक्कम, हे पतीचे कर्ज असते आणि ते वाटणीआधी फेडायचे असते. ख्रिस्ती विधवेला, वंशज असल्यास, १/३ आणि वंशजांना मिळून २/३ मिळते. गोव्यात विवाहाबरोबर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते, त्यामुळे वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर हयात जोडीदाराचा अर्धा भाग आधी बाजूला निघतो आणि मृताच्या अर्ध्याचीच वाटणी होते. त्यातलाही निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. पुण्यात राहणाऱ्या पण मूळ गोव्याच्या कुटुंबांनी तेथील घराचा विचार वेगळा करावा.

हयातीतच करायची तजवीज

दुसरे लग्न करणाऱ्या पुरुषाने मृत्युपत्र करून ठेवणे हे दोन्ही घरांवरचे उपकार आहेत. स्वतःच्या मालमत्तेचे आणि एकत्र कुटुंबातील आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र त्याला करता येते. पत्नीला हयातीपुरते घर आणि पुढे ते मुलांना, अशी रचना करायची असेल तर भाषा जाणकाराकडून लिहून घ्या. तिच्या निर्वाहाच्या हक्काच्या बदल्यात ते घर दिले असा अर्थ निघाला, तर हयातीपुरता हक्कही पूर्ण मालकीचा होऊ शकतो. १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून हा धोका सर्वांना माहीत आहे. तिच्या निर्वाहासाठी वेगळी ठेव किंवा मासिक रक्कम नेमून द्यावी आणि घराची मर्यादा स्वतंत्र परिच्छेदात लिहावी.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांपैकी निदान एकाला पुढे न्यायालयात येऊन सांगावे लागू शकते, म्हणून साक्षीदार आपल्याहून तरुण, निरोगी आणि दोन्ही घरांपासून अलिप्त असावेत. लाभ मिळणाऱ्याने मृत्युपत्र लिहून घेण्यात पुढाकार घेतला असेल, कोणाला का वगळले याचे कारण दिलेले नसेल, किंवा सही आजारपणात रुग्णालयात झाली असेल, तर न्यायालय संशयाने पाहते. कोणाला कमी का दिले हे दोन साध्या वाक्यांत लिहा: ‘मुलीच्या लग्नात तिला इतके दिले आहे’, ‘थोरल्याला पहिल्या पत्नीचा हिस्सा मिळाला आहे’. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्या. आणि ते घरातील कपाटात, ज्याच्या किल्ल्या एकाच बाजूकडे असतात अशा ठिकाणी ठेवू नका. मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय नोंदणी अधिनियमात आहे, आणि ठेवल्याची पावती दोन्ही घरच्या थोरल्या मुलांना दाखवून ठेवता येते.